जरीनाची वांगी साडी

जरीनाला धीर कसा तो नाहीच. तिचे यजमान हमीदभाई खडकी बाजारातले रंगारी. गिऱ्हाइकानं ब्लाउजपीस आणायचा, त्यांनी त्याला जुळेल असं अस्तर रंगवायचं आणि हिनं पिळून वाळत घालायचं. दुसऱ्यांचे रंग वाळवण्यात तिची उमेद चालली होती. मी शेजारीण, शाळेत मास्तरीण. कपडे माझ्याच अंगणात वाळायचे, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं मला आधी कळायचं.

एकदा ती लाकडी ठसा नाचवत आली. फूल तिनं स्वतः काढलेलं, सुताराकडून कोरून घेतलेलं.

"कुसुमताई, लक्ष्मी रोडचे साडीवाले दिगंबरशेठ म्हणालेत, एक लाल साडी छापून दाखवा. पसंत पडली तर ते काम देणार, मग माझे ठसे, माझं काम. नाहीतर आहेच जन्मभर अस्तर."

मग काय, बाई हवेत. साडी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवली, त्यावर तुरटीच्या खळीनं ठसे उठवले. हे ठसे आधी दिसत नाहीत हो, मंजिष्ठेत उकळल्यावरच फुलं लाल होतात. उकळायला हवा तांब्याचा हंडा, आणि तो गेलेला लग्नघरी, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायला. उद्या येईल, असं हमीदभाई सांगून बाहेर गेले. उद्यापर्यंत दम कुणाला? हिनं त्यांची काळा रंग उकळायची लोखंडी कढई ओढली, मंजिष्ठेच्या पाण्यात साडी सोडली आणि चूल पेटवली. मीही शाळेच्या वह्या टाकून जाळ सारत बसले.

काठीनं तिनं पदर उचलला आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. हिरड्याला लोखंड लागलं की काळपट रंग धरतो, तसंच झालं होतं. सगळी साडी राखाडी झालेली आणि तिच्यावर फुलं भरताच्या वांग्यासारखी, गडद, तुकतुकीत. स्वतःचा शालू पाहूनही मी एवढी हरखले नव्हते.

हमीदभाई परतले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"लाल सांगितली होती. दे इकडे, काळ्यात बुडवतो, कुणाला कळणार नाही."

"हात लावू नका," जरीना म्हणाली. ती हसत होती, डोळे मात्र भरलेले.

साडी वाळल्यावर आम्ही तिघं बसनं लक्ष्मी रोडला गेलो. शेठनी साडी गादीवर पसरली, उलटसुलट केली.

"मी लाल म्हणालो होतो."

"हो," जरीना म्हणाली.

"ही लाल नाही."

"नाही."

शेठ हमीदभाईंकडे वळले. "पुन्हा हाच रंग काढून द्याल?"

कुठलाही रंग दाखवा, जुळवून देतो, असं सगळ्या बाजारात सांगणारा तो माणूस खाली बघत म्हणाला, "मला येत नाही, शेठ. हिला विचारा."

जरीनानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. "काढीन की. पण दरवेळी फूल वेगळं असेल, आणि ते मी ठरवणार."

शेठ साडीची घडी घालत म्हणाले, "ठरवा."