वरून ओतलेलं पाणी

सभ्य स्त्रीपुरुषहो, एक अत्यंत गंभीर घोषणा. खुर्च्या सरकवू नका, मोबाईल बंद ठेवा. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्ट हारकोर्ट नावाच्या तेलाच्या शहरात, एका भारतीय कंपनीच्या मेसमध्ये, भर दुपारी, तिसऱ्या टेबलावर एक स्टीलचा पेला रंगेहाथ पकडला गेला. पेल्याचा गुन्हा असा की त्याच्यावर माझं पूर्ण नाव कोरलेलं होतं.

पेला नागपूरच्या इतवारीतला. मी परदेशी निघालो तेव्हा आईनं घेतला आणि दुकानातच टकटक करून नाव घालून घेतलं. माझं, बापाचं, आडनाव. म्हणाली, "हरपला तं कोनी आनून देईन."

आडनाव इथे सांगत नाही. तुम्हीही लगेच ओळखाल, तीच तर भानगड आहे. तिथे मी माझं नाव सांगून पुढे फक्त बापाचं नाव लावायचो. बापाचं नाव असं की आडनाव म्हणून सहज खपून जावं. कागदावरचं पूर्ण नाव हेड ऑफिसात पडून, म्हणून सात महिने खपलं. पेला खोलीवरच असायचा. त्या दिवशी मेसमधले ग्लास कमी पडले आणि मी शहाण्यासारखा पेला घेऊन गेलो.

मॅनेजर साहेबही नागपूरचेच. त्यांनी पेला उचलला, चष्मा कपाळावर नेला, वाचलं. पेला खाली ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली.

"काहून हो, पहिल्याच दिवशी पूर्ण नाव नाही सांगितलं?"

माझ्या तोंडात घास होता.

"मी नाही मानत हे असलं. पण मेसमधे सगळ्या टाईपचे लोकं आहेत ना. तुमी समजून राहिले ना? पेला तेवढा बाहेरच्या स्टँडवर ठेवत जा. जेवण मी जनरेटरवर पाठवून देतो. मनाले लावून घेऊ नका."

कोणी मान वर केली नाही. वरण वाढणारा माझ्यापाशी थांबला, मग पुढच्याला वाढायला गेला. मी उठलो. पेला घेतला. बाहेर गेलो. मला कोणी ढकललं नव्हतं. माझ्याच पायांनी गेलो. लाज वाटते ती याची.

आता जनरेटरचं सांगतो, कारण मी तिथे जनरेटरवाला होतो. त्या शहराच्या पायाखाली तेल, आणि पेट्रोलपंपावर तासन्‌तास रांग. वीज येते-जाते, जास्त जातेच, म्हणून ज्याला परवडेल तो आपापला जनरेटर धडधडवत बसतो. खाडीत लोक चोरून तेल गाळतात, त्याची काजळी आभाळातून उतरते. सकाळी नाकात बोट घातलं तर काळं. दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळी राखाडी. नवे आलेले लोक हबकायचे. मी हसायचो. मी कोराडीचा. बाप तिथल्या पावर हाऊसच्या राखेच्या खात्यात होता. पावर हाऊस आमच्या डोक्यावर, त्याची राख आमच्या भाकरीवर, आणि वीज गेली की कंदील. ते शहर मला पहिल्या दिवशीच घरच्यासारखं वाटलं. इतकं घरच्यासारखं, की पुढे जे केलं तेही घरचंच होतं.

मेसच्या बाहेर भिंतीला एक लोखंडी रॅक, साहेबांचा तो स्टँड. त्याच्यावर तिथल्या कामगारांचे प्लास्टिकचे मग. फिल्टर आत. त्यांनी आत यायचं नाही. आमच्यातल्या कोणीतरी पाण्याचा जग भरून न्यायचा आणि ओतायचं, जगाचं तोंड मगाला लागू न देता. कारण विचारलं तर स्वच्छता.

जनरेटर शेडच्या स्टोअरला ब्लेसिंग होती. माझ्याच वयाची, तीन लेकरांची आई, नटबोल्ट न बघता हाताच्या वजनावर ओळखणारी. मला ओगा म्हणायची, म्हणजे साहेब. तिचा मग फुटला तेव्हापासून ती ओंजळ धरायची आणि मी ओतायचो. हातभर उंचीवरून. रोज. दुपारी दोनदा. धार चांगली पडायची माझी, सांडायचं नाही. मला त्याचा अभिमान होता.

माझ्या आज्याला कामठीत असंच पाणी मिळायचं. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यानं ओंजळ धरली नाही. कन्हानच्या काठावरसुद्धा लोट्यानं प्यायचा. मी लहानपणी विचारलं, "आबाजी, नदी तं कोनाची नाही." म्हणाला, "हात कोनाचे हायेत?"

हे मला पाठ होतं. आणि मी ओतत होतो.

पेला बाहेर आल्याच्या तिसऱ्या दिवशी जग घेऊन येणारा आमचा माणूस मला टाळून, जग रॅकवर ठेवून निघून गेला. मी उभाच. ब्लेसिंगनं जग उचलला. माझा पेला पुढे ओढला. मग हात उंच नेला, चांगला खांद्यापर्यंत, आणि बारीक, सरळ धार सोडली. एक थेंब सांडला नाही. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखं हसू.

ती तिच्या इंग्रजीत बोलायची, मी माझ्या. मराठीत सांगतो.

"बरोबर जमलं ना, ओगा?"

"काय?"

"तुमच्याकडची मान द्यायची पद्धत. तू मला रोज देतोस. आज तू पाहुणा."

पाणी पेल्यात हलत होतं. मला तहान लागली होती आणि पिववेना.

खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर ती खूश, मी खूश. पण पेल्यावर आईनं कोरून घेतलेलं नाव समोर होतं. मी तिला सगळं सांगितलं. पेला बाहेर का आला. आज्याला पाणी कसं मिळायचं. तिला मी का तसं देत होतो. ती काय म्हणाली ते शेवटी सांगतो. तेवढी उसंत मला द्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी मी पेला घेऊन आत गेलो. फिल्टरची तोटी स्वतः सोडली. तिसऱ्या टेबलावर बसलो.

"अहो, आपलं ठरलं होतं ना," मॅनेजर म्हणाले.

"तुमचं ठरलं होतं."

"करार माझ्या सहीनं वाढते, मालूम आहे ना?"

मी पेला फिरवून त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं. माझं, बापाचं, आडनाव. मग पाणी प्यायलो, पूर्ण पेला, न थांबता. टेबलावरचे चौघे ताटं घेऊन उठले. पाचवा बसला, पण भिंतीकडे तोंड करून. जेवण झाल्यावर मी जग बाहेर नेला आणि सांगितलं, ज्याचं त्यानं घ्यावं, मी ओतणार नाही.

करार वाढला नाही. बदली माणूस यायला दोन महिने लागले, तोवर जनरेटर मीच चालवले. त्यांच्या एसीला तेवढे दिवस माझ्या आडनावाचा विटाळ झाला नाही.

ब्लेसिंग काम चोख करायची, बोलायचीही. पण त्या जगाला तिनं पुन्हा हात लावला नाही. येताना रस्त्यावरून पाण्याची प्लास्टिक पिशवी आणायची, कोपरा दातानं फाडून प्यायची. मी निघालो त्या दिवशी हात मिळवला. कोरडा हात.

आता नागपूरला मनीषनगरात राहतो. परवा शेजारीण गेटवरच्या चौकीदाराच्या बाटलीत पाणी ओतत होती, अंतर राखून, अगदी माझ्यासारखी धार. मी तिच्या हातून तांब्या घेतला. ती म्हणाली, "काहून हो भाऊ, एवढं काय झालं?" मी घरून पेला आणला, भरला आणि चौकीदाराच्या हातात दिला. आता तो पेला गेटवरच असतो, नावासकट. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. माझ्यासमोर कोणी कोणाला वरून पाणी ओतणार नाही, आणि ओतलंच तर मी मान खाली घालून जेवत बसणार नाही.

तरी रात्री-अपरात्री कुठे नळ बारीक सुटला की मला मेसबाहेरची ती भिंत दिसते. ब्लेसिंगच्या हातात जग तसाच उंच राहिलेला. मी सांगून संपवलं होतं. तिनं जग खाली आणला, रॅकवर ठेवला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"म्हणजे तुला माहीत होतं?"