छपराखालची मुलगी सिनेमात नव्हती

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. नांदेडच्या त्या दोन खोल्यांत बाबांच्या संघटनेची पत्रकं गठ्ठ्यांनी येऊन पडायची आणि आई, मी, शेजारची चाची, जो घरात असेल तो मांडी घालून त्यांच्या घड्या घालायला बसायचा. ओल्या शाईनं बोटं काळी व्हायची. अक्षर अक्षर जुळवत मी वाचायला शिकले ते 'जाहीर निषेध' आणि 'बंधूंनो आणि भगिनींनो' यांवर. कॉमिकला घरात बंदी नव्हती, पण बाबांचं त्याबद्दलचं मत गल्लीला माहीत होतं. एक माणूस आकाशातून येतो आणि शहर वाचवतो. तोवर त्या शहरातली माणसं काय करत असतात? वर बघत उभी असतात. बाबा म्हणायचे, ज्यांना आपल्याला असं वर बघत ठेवायचंय त्यांनीच ही चित्रं काढलीत. मला ते पटायचं. अजूनही बरंचसं पटतं.

दहावीनंतर मला लातूरला क्लाससाठी पाठवलं, तेव्हा हे मत मी गादीच्या वळकटीबरोबर घेऊन गेले. लातुरात चौकाचौकांत क्लासचे फलक होते आणि त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे चेहरे माणसाहून मोठे काढलेले होते. टॉकीजवर त्याच आठवड्यात उडणाऱ्या नायकाचं पोस्टर लागलं. परदेशी नायक, पण हिंदीत बोलणारा. मला फलकात आणि पोस्टरात काही फरक दिसेना. दोन्हीकडे एक जण वर, बाकीचे खाली. हे मी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरांत लिहिलं, 'आकाशातून कुणी येणार नाही' असा मथळा दिला आणि होस्टेलच्या मेसमध्ये चिकटवलं. मेसच्या मावशींनी ते राहू दिलं, कारण भिंतीचा पोपडा झाकला जात होता.

त्यावरून जेवताना रोज वाद व्हायचा. समोर असायची उदगीरची एक मुलगी. भावाची सगळी कॉमिकं तिनं वाचली होती, टीव्हीवरची कार्टून मालिका पाहिली होती आणि आता पहिल्याच दिवशी सिनेमाही पाहून आली होती. ती म्हणायची, सिनेमा म्हणजे कॉमिकची झेरॉक्स नव्हे. कॉमिकमध्ये एका चौकटीवर तुम्ही हवा तेवढा वेळ थांबू शकता, सिनेमा तुम्हाला ओढत नेतो. मालिकेला भरपूर भाग मिळतात, म्हणून तिथं खलनायकालाही आई असते, घर असतं. सिनेमाला तेवढी सवड नसते. मी म्हणायचे, तिन्ही ठिकाणी खोटं एकच आहे, फक्त कागद बदलतो.

"आली निवेदन घेऊन," ती भाकरी मोडत म्हणायची. "जेव आधी. वातड व्हायलीय."

माझी खोलीतली मैत्रीण या वादात कधी पडत नसे. ती भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसवलेल्या गावातली. एवढंच मला माहीत होतं, आणि मी विचारलंही नव्हतं. शनिवारी ती अचानक म्हणाली, उद्या टेस्टनंतर माझ्यासंगं सिनेमाला येतीस का. मी मेसच्या भिंतीची आठवण करून दिली.

"ते भितीवर राहू दे की. तू माझ्यासंगं ये."

टॉकीजच्या वाटेवर तिनं कारण सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ती तिसरीत होती आणि धाकटी बहीण अंगावर पिणारी नसली तरी आईचा पदर न सोडणारी. घराचं माळवद, ते मातीचं जाड छप्पर, खाली आलं. त्या दगडामातीखालून आई निघाली नाही, बहीण निघाली. गल्लीतल्या लोकांनी हातांनी उपसून तिला बाहेर काढलं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहताना शहरांतून मदतीची पोती यायची. एका पोत्यात कपड्यांखाली एक कॉमिक निघालं. त्यात शाळेचं छप्पर कोसळतं आणि दोन वेण्या घातलेली एक मुलगी खाली अडकते. हाच उडणारा नायक दूरच्या शहरात असतो, त्याला तिची हाक ऐकू येते आणि तो निघतो. तिथं पानं संपायची. पुढची फाटलेली होती.

धाकटीला त्या मुलीचं वेड लागलं. ती मुलगी निघाली का, हे ती रोज विचारायची. आईबद्दल मात्र तिनं कधी विचारलं नाही. मैत्रीण रोज सांगायची, निघाली. नव्या गावात टीव्ही आला आणि मालिकेत तीच गोष्ट लागली, तेव्हा छप्पर पडायच्या वेळेला लाइट गेली. आता सिनेमा आला होता. पुढच्या रविवारी वडील धाकटीला डोळे तपासायला लातूरला आणणार होते, आणि त्या पोरीनं एकच हट्ट धरला होता, आक्का, मला तो सिनेमा दाखव.

"आधी मला बघू दे," मैत्रीण म्हणाली. "तिला आत न्हेऊन बसवलं आन् ती पोरगी मेलेली निघाली, तर मी काय करू?"

मी तत्त्व वगैरे काही बोलले नाही. तिकिटं काढली आणि आत गेलो.

सिनेमात पुष्कळ काही पडलं. एक पूल पडला, एक मनोरा पडला, काचांच्या उंच इमारती एकीवर एक कलंडल्या. नायक आणि खलनायक एकमेकांना त्या भिंतींतून आरपार फेकत होते आणि पुढच्या रांगा शिट्ट्या मारत होत्या. मैत्रीण खुर्चीच्या कडेला आली होती. प्रत्येक इमारतीच्या वेळी ती त्या धुळीत खाली, अगदी पडद्याच्या तळाशी बघायची. मीही बघायला लागले. तिथं कुणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरातल्या इमारती पडत होत्या आणि त्यांत कुणीच राहत नव्हतं. कुणाचं दप्तर नाही, चूल नाही, वाळत घातलेलं लुगडं नाही. शाळाही नव्हती. शेवटची नावं पडद्यावरून सरकून संपेपर्यंत ती उठली नाही.

मेसमध्ये तिनं पहिल्यांदाच वादात तोंड उघडलं. उदगीरच्या मुलीला विचारलं, शाळेतली ती पोरगी कुठं गेली?

ती म्हणाली, असेल कॉमिकमध्ये, इथं गाळली असणार. अडीच तासांत किती माणसं बसवायची? तसं चुकीचं नव्हतं ते. मी मात्र भडकले. म्हणाले, जिच्यात कुणी राहत नाही ती इमारत पडली काय नि उभी राहिली काय, मग एवढा खर्च करून पाडता कशाला? उदगीरच्या मुलीनं मैत्रिणीच्या ताटाकडे बघितलं, तिथली भाकरी तशीच होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भांडण नंतर कर. कॉमिक मिळतंय का बघ. मालिका तिथूनच निघाली, सिनेमाबी तिथूनच."

त्या आठवड्यात सणाची सुट्टी होती. मी नांदेडला गेले आणि बस स्टँडवरून घरी न जाता आधी गल्लीतल्या चाचांच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. लहानपणी मी ज्या दुकानासमोरून मान ताठ ठेवून जायचे, ते हे दुकान. पूर्वी दारात दोरीवर कॉमिकं टांगलेली असायची. आता तिथं प्रवेशपरीक्षांची गाइडं होती आणि कॉमिकं मागे पोत्यात. मी गोष्ट सांगितली. चाचांनी पोतं उलटं केलं आणि शोधता शोधता म्हणाले, "पत्रकवाल्याची बेटी कॉमिक मांगने आयी. अब कयामत दूर नै."

ते सापडलं, आणि पूर्ण सापडलं. मी उभ्या उभ्या शेवटची पानं वाचली. नायक येतो आणि एका हातानं छप्पर उचलतो. पुढच्या चौकटीत ती मुलगी गर्दीत उभी राहून त्याला हात हलवते. वेण्या जशाच्या तशा, अंगाला मातीचा कण नाही. उरलेली सगळी पानं मारामारीची आणि शेवटी बिस्किटांची जाहिरात. जिवंत निघाली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

घरी बाबांनी ते माझ्या पिशवीतून काढून चाळलं. माझ्याकडे बघितलं, परत आत ठेवलं आणि घड्या घालायला बसले. मी अभ्यासाचं आहे म्हणून सांगायच्या तयारीत होते, त्याची गरज पडली नाही.

रविवारी होस्टेलच्या भेटीच्या खोलीत धाकटी आली. नवा चष्मा व्हायचा होता, म्हणून कॉमिक डोळ्यांजवळ धरून वाचत होती. आम्ही दोघी तिच्या समोर बसलो होतो. मैत्रीण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. शेवटचं पान झालं, तशी धाकटी मागची दोन पानं उलटून परत वाचायला लागली. काही राहिलं की काय बघत असावी.

"एवढंच?" ती म्हणाली.

"निघाली की ती," मैत्रीण म्हणाली. "मी सांगायचे तशीच."

"तू कुठं असं सांगायचीस? तू सांगायचीस, आधी बाया येत्यात, दगडं काढत्यात. मग फटीतनं तांब्या आत सोडत्यात. ह्यात तर तिला कुणी पाणीबी दिलं न्हाई."

मैत्रीण खाली बघत म्हणाली की पुढची पानं नव्हती, मी ते सगळं मनानं सांगायचे.

"मला ठाव हाय की. रोज येगळं सांगायचीस. कधी मामी तांब्या आणायची, कधी कासारीण. पाणी मातर रोज असायचं." तिनं कॉमिक मिटून माझ्या हातात दिलं. "आता सिनेमा दावणार हाय का न्हाई?"

त्यात ती पोरगीच नाही, हे मैत्रिणीनं तिला सांगून टाकलं. तरीही तिला जायचंच होतं. त्यांचे वडील, आबा, बाहेर पारावर बसतो म्हणाले आणि आम्ही तिघी गेलो. धाकटी आमच्या मधे बसली. पूल पडला तेव्हा तिनं इतरांसारखीच शिट्टी मारायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. मग तो मनोरा डोलायला लागला आणि तिनं आक्काची बाही ओढली.

"आक्का, सांग की."

मैत्रीण तिच्या कानाशी वाकली. पडद्यावरच्या आवाजात मला तुटक तुटक ऐकू येत होतं. कोणती बाई आधी धावली, कुणाच्या हाताला लागलं, दगड कोणत्या बाजूनं काढायला घेतले. मागच्या खुर्चीवरचा माणूस म्हणाला, ओ ताई, घरी जाऊन बोला. मी मागं वळले आणि त्याला गप्प बसायला सांगितलं. समोर काचांच्या इमारती कोसळत होत्या. माझ्या शेजारी मामीनं रांजणात तांब्या बुडवला होता आणि तो भरून घेऊन ती निघाली होती.