मोऱ्याच्या धक्क्यावरची उडी

सकाळी डबे भरताना चुलतबहिणीचा, रंजूचा व्हिडिओ आला. न्यूझीलंडमध्ये ती विमानातून उडी मारत होती. मी जळले, खोटं कशाला बोलू!

आम्ही दोघी दहा वर्षांच्या होतो तेव्हाची गोष्ट. मोरा बंदरात ओहोटी लागलेली आणि लाँच धक्क्यापासून पार खाली गेलेली. डिझेलचा उग्र वास येत होता. मी टुणकन लाँचवर उतरले, पण रंजू वरच रडत उभी. मी ओरडले, "खाली बगू नको, मी हाय ना. मार उडी!" ती थेट माझ्या अंगावर पडली. माझा गुडघा फुटला. त्याचा व्रण अजून आहे.

व्हिडिओ पुन्हा लावला. विमानाच्या दारात ती स्वतःलाच ओरडून सांगत होती, "खाली बगू नको. मार उडी."

मधलं 'मी हाय ना' तिने गाळलं होतं.