गेली नव्हे, नेली

नातवंडांनो, नेलीबाई हे इंग्रजी नाव नव्हे. आमच्या भागातल्या पोलीस चौकीत शिपायांनी टिंगलीनं ठेवलेलं ते नाव, आणि बाई त्याला खुशाल ओ द्यायची.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. सगळीकडे बांधकामं चालू, आणि तिकडे किनवटच्या डोंगरात दुष्काळ. म्हणून आंध जमातीची ही आदिवासी बाई पंधरा वर्षांच्या यमुनेला घेऊन आमच्या घरामागच्या बांधकामावर विटा वाहायला आली. डोक्यावर नऊ विटा असल्या तरी जीभ मोकळी. यमुनेकडे टक लावणाऱ्या मुकादमाला ती सगळ्यांदेखत म्हणायची, "डोळे विटांवर ठेव की रं!"

एका सकाळी यमुना नव्हती. मुकादमही नव्हता.

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी शिस्तीची. समास सोडून तिच्या नावानं सुवाच्य अर्ज लिहिला, 'माझी मुलगी हरवली आहे', आणि वाचून दाखवला.

"हरवायला ती शेळी हाय का, अक्का? नेली म्हून लिव्हा."

"अगं, असं लिहिलं तर चौकीत घेत नाहीत."

"तुमचं अक्षर लई चांगलं हाय. त्यात खोटं कशाला लिव्हता?"

मी कागद फाडला. दुसरा लिहिला.

चौकीत हवालदार हसला. "तुमच्यातल्या पोरी पळूनच जातात की. गेली म्हण, आत्ता घेतो."

"तुमची गेली तरी नेली, अन् आमची नेली तरी गेली व्हय, साहेब?" म्हणत ती पायरीवर बसली. मग रोज, कामावर जाण्याआधी. "आली नेलीबाई!" शिपाई ओरडायचे. "आले. लिव्हा," ती म्हणायची. अकराव्या दिवशी फौजदारानं वैतागून अर्ज जसाच्या तसा घेतला.

यमुना उदगीरकडच्या एका खाणीवर सापडली. खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मुकादमाच्या खिशात.

आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, पोरीला झाकून ठेव. नेलीबाईनं तिची घट्ट वेणी घातली आणि भर बाजारातून तिला जबाब द्यायला घेऊन गेली.

दोघी किनवटला परत निघाल्या तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले, तिथं हवालदाराची गाठ पडली. "पोरगी मिळाली ना? आता अर्ज मागं घे. कोर्टात तिचीच अब्रू जाईल."

"मिळाली म्हून नेलीच नव्हती का?" तिनं यमुनेला एसटीत खिडकीशी बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, तारीख कळवा. दोघी येतो."

मी नऊ तारखांची नऊ पोस्टकार्डं टाकली. मुकादमाचा वकील तीनदा आला नाही. त्या दोघी नऊही वेळा आल्या.