सासुरवाडीचा बंब

तेल लावून न्हाणीत बसवलेल्या माणसाला पळून जाता येत नाही. कमरेला एक पंचा, टाळूवरून कानामागं ओघळणारं तेल, समोर बंब आणि दाराबाहेर सासरे. हा प्रसंग माझ्यावर आला आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. वडूजच्या अलीकडं आमचं गाव. तिथं कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बापानं कुळवामागं चालून शिकवलं आणि मी शिकलो. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि उगीच मान खाली घालून नम्र व्हावं असंही काही नाही. लग्न परीक्षेच्या आधीच उरकलं होतं. बायको सांगलीची. सासरे संस्थानच्या कचेरीत, आळीत चार लोक उठून नमस्कार करतील असे.

साताऱ्याच्या एका शाळेच्या कमिटीनं मला मास्तरच्या जागेसाठी भेटायला बोलावलं होतं. अर्ज माझा, मार्क माझे, मधे कुणाचा शब्द नाही. म्हणूनच ती जागा मला हवी होती. बायको तेव्हा माहेरी होती. माझा बेत सरळ होता. आदल्या दिवशी सांगलीला जाऊन मुक्काम करायचा, सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं दोघांनी निघायचं, दुपारी साताऱ्यात कमिटीपुढं उभं राहायचं आणि तिथून गावी.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी दुसराच बेत वाढला.

"साताऱ्याला कशाला जाताय, जावईबापू? मी इथं साहेबांच्या कानावर घातलंय. कचेरीत कारकुनाची जागा आहे. तुम्ही नुसतं व्हय म्हणायचं. आणि ही माडी रिकामीच आहे की."

'घरजावई' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. पण माडी झाडून, तिथं नवी सतरंजी टाकून ठेवलेली मी वर डोकावलो तेव्हा पाहिली होती. आमच्या गावात एक घरजावई होता. म्हातारा होऊन दात पडले तरी पोरंसोरं त्याला सासऱ्याच्या नावानं ओळखायची, अमक्याचा जावई. त्याचं स्वतःचं नाव मला कधी कळलं नाही. मी सासऱ्यांना एवढंच म्हणालो, "साताऱ्याला जाऊन तर येतो." तेही एवढंच म्हणाले, "बघू सकाळी."

सकाळी मी तोंड धुऊन कपडे घालणार, तोच सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या.

"पयल्यांदा मुक्कामाला आलाय. तेल-पाणी केल्याबिगार लेकीला आन् जावयाला कुणी वाटं लावतं व्हय? बसा पाटावर. तुमच्यासाठी बंबाला कल्हई करून घेतलीया."

नाही म्हणणं जमण्यासारखं नव्हतं, आणि वेळही होता. सासूबाईंनी पदर सावरत अख्खी वाटी माझ्या टाळूवर रिकामी केली. "बाकीचं अंगाला तुमचं तुमी चोळा," म्हणून त्या स्वयंपाकघरात पुरणाकडं गेल्या. मी चोळत बसलो.

बंब खरोखर बघण्यासारखा होता. आतून कल्हई, बाहेरून चिंच लावून असा घासलेला की माझं तेलकट तोंड त्यात दिसत होतं. खाली जाळ घालायचं तोंड, त्यात जाळी, आणि पाण्याच्या मधून वर गेलेला धुराचा नळा. नळ्याच्या डोक्यावर सासऱ्यांनी लोहाराकडून पत्र्याचा वाकडा पाइप बसवून भिंतीबाहेर काढला होता. न्हाणीत धूर नको म्हणून. असा पाइप आळीत दुसऱ्या कुणाकडं नव्हता, हे मला आल्याआल्या सांगण्यात आलं होतं.

सासऱ्यांनी स्वतः चिपाडं घातली, वर दोन शेणी ठेवल्या, काडी ओढली. चिपाडं भुरकन पेटली. मग जाळ वाकला, लोळला आणि विझला. तोंडातून धूर उलटा न्हाणीत आला.

"चिपाडं ओली असतील," सासरे खोकत म्हणाले.

दुसरी काडी. पुन्हा तेच. काड्यापेटी त्या दिवसांत सहज मिळत नसे आणि रॉकेल तर कंट्रोलचं. सासऱ्यांचा हात तिसऱ्या काडीला थबकला. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बाहेर बसा. मी बघतो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बाहेर गेले, आणि धूर घरात येऊ नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं. मग खुर्ची मागवून दाराशीच बसले.

मी अडकलो तो इथं.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज ऐकू आला, "बाबा, चुलीवर हंडा ठेवू का? पुरण उतरवते."

"म्हणजे बंब कशाला आणलाय?" सासरे गरजले. "जावयाला चुलीवरचं पाणी देऊ? मग ती कल्हई काय आरतीला केली?"

हंडा राहिला.

माणसानं रडत बसण्यापेक्षा एकेक गोष्ट तपासत जावी, हे मला कॉलेजनं नव्हे, आमच्या मोटेनं शिकवलं होतं. जळण आधी. चिपाड हातात मोडून पाहिलं, कट्कन तुटलं. म्हणजे ओलं नाही. जाळीवरची राख काढली, खालून बोटं घालून पाहिली, जाळी मोकळी. म्हणजे खालून हवा येतेय. थोड्याशाच चिपाडांना चुलीतला निखारा मागवून लावला. बायकोनं तो दाराच्या फटीतून उलथन्यावर दिला. पेटलं, वाकलं, विझलं. धूर पुन्हा माझ्याच तोंडावर.

बाहेर सासऱ्यांनी बोलायला सुरुवात केली होती. दार बंद, मी आत, उठून जायची सोय नाही. इतका चांगला ऐकणारा त्यांना कधी मिळाला नसेल.

"कचेरीचं काम म्हणजे सावलीतलं काम, जावईबापू. मास्तरकीत काय, खडू खायचा आणि पोरांच्या मागं ओरडायचं. इथं सकाळी दहाला जायचं, संध्याकाळी घरचं जेवण."

"व्हय," मी खोकत म्हणालो. तो होकार नव्हता, नुसता आवाज होता. पण सासऱ्यांनी तो होकार म्हणूनच घेतला असावा.

"तेच म्हणतो मी! साहेबांना आज भेटवूनच आणतो तुम्हाला. नाहीतरी उशीर होतोयच."

एवढ्यात शेजारचे हवालदार आले. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस, आवाज अजून परेडचा.

"काय गडबड हाय? धूर रस्त्यावर दिसतुया."

"जावईबापू बंब पेटवतायत."

"बी.ए. जावई आन् बंब पेटंना व्हय? आवं मास्तर, फुंका की! पुस्तक वाचून इस्तू पेटत न्हाई. छातीत दम पायजे!"

"हवालदारसाहेब," मी आतून ओरडलो, "तुमच्याकडं दम जास्ती दिसतोय. या आत, फुंका."

"नको बा. आमी लांबूनच हुकूम देणार." ते मोठ्यानं हसले. सासरेही हसले. मला राग आला आणि बरंही वाटलं. निदान कुणीतरी नोकरीविषयी बोलायचं थांबलं होतं.

पण ते फार वेळ टिकलं नाही. हवालदार खुर्चीशेजारी बसले आणि सासऱ्यांची बाजू घेऊन लढायला लागले. त्यांच्या पलटणीत कारकुनाला केवढा मान, साताऱ्यात पाण्याचे कसे हाल, माडीवर वारा कसा छान येतो. मी वाकून राख बाहेर ओढत होतो. अंगभर तेल, त्यावर राख. हाताला लागेल ते काळं. बाहेरून एक एक वाक्य येत होतं आणि एक एक खिळा ठोकल्यासारखं बसत होतं. माझ्या लक्षात आलं, मी इथून निघालो नाही तर मला कुणी अडवलंय असंही म्हणता येणार नाही. कुणी हात धरला नव्हता. नुसतं तेल लावलं होतं, प्रेमानं. तेल लावलेल्या अंगानं कुणी प्रवासाला निघत नाही. आंघोळीशिवाय निघता येत नाही आणि पाणी तापत नाही. मोटार जाईल, कमिटी दुसऱ्याला घेईल आणि मी माडीवरच्या त्या नव्या सतरंजीवर निजेन.

हवा खालून येतेय, जळण सुकं आहे, तर राहिला नळा. मी पाटावर उभा राहिलो आणि सासऱ्यांच्या मानाचा पाइप नळ्यावरून उपटला. पाइपातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसत होतं, तो स्वच्छ. मग बंबाच्या नळ्यात वरून वाकून पाहिलं. खालून जाळीचा उजेड दिसायला हवा होता. मिट्ट काळोख. धोतर बडवायचं दांडकं आत सोडलं. वीतभर गेलं आणि ठक्कन थांबलं.

नखानं खरवडून पाहिलं. माती. वाळून वीट झालेली.

"मामा," मी हाक मारली, "कल्हई झाल्यावर हा बंब पेटवून बघितला होता का?"

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. "आता गं बया! पेटवायचा कसा? काळा नसता का पडला? तुमी बघायच्या आदी?"

कल्हईवाल्यानं काम करताना कथील नळ्यात सांडू नये म्हणून चिखलाचा बोळा कोंबला होता आणि काढायचा राहिला होता. घरातल्या कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण घासलेला बंब जावयानं लखलखता पाहावा म्हणून त्यात कुणी साधी काडी ओढली नव्हती. पाणी भरून, हळदकुंकू लावून ठेवला होता. तापवायची वस्तू मिरवायची झाली होती.

मी दांडकं जोरात हाणलं. बोळा हलला नाही; अख्खा बंब हलला, पाणी डचमळलं.

"फुटंल! फुटंल!" सासरे दार ढकलून आत आले. उपटलेला पाइप माझ्या पायाशी पडलेला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "राहू द्या. कल्हईवाल्याला बोलावतो. तो मिरजेच्या बाजाराला गेला असेल, येईल दुपारपर्यंत. तोवर हंडा ठेवू द्या चुलीवर. निवांत आंघोळ करा, पुरणपोळी खा, चारला साहेबांकडं जाऊ."

"मोटार?"

"मोटार गेली तर गेली. उद्या काय मोटारी बंद होणार आहेत?"

ते चांगल्या मनानं बोलत होते. वाईट मनानं बोलले असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते बाहेर गेले आणि मी आतून कडी लावली.

बंब काठोकाठ भरलेला होता. मी तोटी सोडली. पाणी गार, आडाचं. पहिला तांब्या अंगावर घेतला तेव्हा तोंडातून जो आवाज निघाला तो हवालदारांच्या परेडपर्यंत पोचला असेल.

"आवं काय करताय?" सासूबाई किंचाळल्या. "गार पानी? जावयाला गार पानी? आळीत तोंड कसं दाखवू मी?"

मी दुसरा तांब्या घेतला. शिकेकाईला फेस येईना, तेल निघेना, राख मात्र अंगभर सारखी पसरली. जमेल तेवढं खसाखसा पुसलं, पंचा गुंडाळला, बाहेर आलो. अंगणात सगळे उभे होते.

"आमच्या घरचं ऊन पाणी तुम्हाला चाललं नाही," सासरे हळू म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं.

"ऊन झालं असतं तर घेतलं असतं, मामा. पण मला साताऱ्याला जायचंय. आज. ती जागा मिळाली नाही तर गावी जाऊन नांगर धरीन, पण माडी नको."

'माडी नको' हे शब्द मी पहिल्यांदाच बोललो. हवालदारांनी पागोटं सारखं केलं आणि "येतो मी" म्हणून निघून गेले.

बायको बोचकं घेऊन ओसरीवर आली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मला तिचं काय ठरेल याची खात्री नव्हती, हे खरं सांगायला हवं. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं, माझ्या कानामागच्या काळ्याकडं पाहिलं, आणि डोळे पुसत आत जाऊन तांदूळ, नारळ घेऊन आल्या. लेकीची ओटी भरली. माझ्याशी बोलल्या नाहीत. सासरे दारापर्यंत आले नाहीत.

मोटार मिळाली, कारण तीही पेटत नव्हती. पेट्रोल नसल्यानं कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी. क्लीनर मागच्या पिंपाशी पंखा फिरवत ड्रायव्हरच्या शिव्या खात होता. मागच्या बाकावर बसून बायकोनं पदराचं टोक थुंकीनं ओलं करून माझा कान पुसला.

"निघत न्हाई," ती म्हणाली.

"राहू दे."

"मला माडीवर राहायचं होतं का, असं इचारलं न्हाई तुमी."

"होतं का?"

गाडी एकदाची हलली. कृष्णेचा पूल मागं पडला तेव्हा म्हणाली, "न्हवतं. पण इचारायचं."

साताऱ्यात कमिटीच्या अध्यक्षांनी माझ्या तेलकट डोक्याकडं आणि कॉलरवरच्या डागाकडं बराच वेळ पाहिलं. मी इतिहासावर आणि गणितावर बोललो, नीट बोललो. जागा मिळाली.

सासऱ्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं, पुढच्या रविवारी. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, आमच्या खटाव तालुक्यात पाऊस किती झाला ते विचारलं. सासूबाई आतूनच "बरं झालं" म्हणाल्या. मुक्कामाला राहा, असं कुणी म्हणालं नाही. माडी मात्र तशीच रिकामी होती, सतरंजीसकट, आणि पुढं कधी भेटायला गेलो नि जिना चढून कुणी वर गेलं की मी चपला शोधायचो. वर्षभरानं त्यांनी ती एका वकिलाला भाड्यानं दिली. ते कळलं त्या दिवशी मी वर्गात पोरांना लवकर सोडलं.