सासूबाईंचे केस आणि माझी नोंदवही

सासूबाईंचे पांढरेशुभ्र केस हिरवे व्हायला लागले तेव्हा मी पहिला दोष शाम्पूला दिला, मग साबणाला आणि शेवटी त्यांच्या वयाला. खरा दोष ज्याचा होता ते पाणी त्यांच्या विहिरीपासून दीड किलोमीटरवर एका बंद पडलेल्या खाणीत साचलं होतं, आणि त्या पाण्यावर लक्ष ठेवायला नेमलेला माणूस मीच होतो.

मी मूळचा पंपवाला. तांब्याची ती उघडी खाण चालू होती तोवर तिच्या तळाशी चार पंप दिवसरात्र पाणी उपसायचे. त्यातले दोन माझ्या ताब्यात. खाण म्हणजे जमिनीत कोरलेलं एक अवाढव्य घंगाळ. कडेने गोल गोल उतरत जाणारा रस्ता, आणि तो जिथे संपतो तिथे मी. वरून बघणाऱ्याला मी मुंगीएवढा दिसत असेन, पण माझा रुबाब असा, की जणू आख्खी खाण मीच डोक्यावर तोलून धरली आहे. "मी दोन दिवस झोपून राहिलो ना, तर तुम्ही सगळे पोहायला लागाल," असं मी ट्रकवाल्यांना ऐकवायचो. ते हसायचे. मला वाटायचं, कौतुकाने हसतात.

लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "काय काम करता?" मी छाती फुगवून सांगितलं, "पाणी माझ्या शब्दाबाहेर जात नाही." त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं. म्हणजे नळ दुरुस्त करता." आमच्या नात्याची सुरुवात ही अशी झाली.

पुढे दगडातलं तांबं विरळ होत गेलं आणि कंपनीने खाण बंद केली. शेवटच्या दिवशी पंप थांबवायचा मान मला दिला. मी नवा शर्ट घालून गेलो होतो. बटण दाबताना फोटोही काढून घेतला. त्या फोटोत मी असा हसतोय, की मला कुणी बक्षीसच दिलंय. खरं तर त्या क्षणापासून घंगाळ भरायला सुरुवात झाली होती.

पाणी चढायला लागलं. ते दिसायला देखणं होतं, निळसर हिरवं, कडांना तांबूस. तांब्याच्या दगडातल्या गंधकाला हवापाणी लागलं की आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल दगडातलं तांबं स्वतःत विरघळवून घेतं. हे मला कंपनीच्या साहेबांनी समजावून सांगितलं होतं. त्यांनी खाणीच्या भिंतीवर एक उंच मोजपट्टी ठोकली आणि तिच्यावर लाल रेघ ओढली. म्हणाले, "पाणी या रेघेच्या खाली आहे तोवर खाण आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढते. रेघेच्या वर गेलं, की खाणीतलं पाणी भेगाभेगांतून बाहेर निघतं. विहिरींत, ओढ्यात, सगळीकडे."

"रेघेपर्यंत यायला किती दिवस?" मी विचारलं.

"वीसेक वर्षं."

म्हणजे तोवर मी नोकरीत नसेन, असा हिशेब मी मनातल्या मनात केला आणि निर्धास्त झालो. कुंपणाची राखण करायला आणि दर आठवड्याला पातळी लिहून पाठवायला कंपनीने एक माणूस ठेवला. तो मी. अनुभवाची कदर झाली म्हणून मी महिनाभर हवेत होतो. मग कळलं की त्या जागेसाठी दुसऱ्या कुणी अर्जच केला नव्हता.

अकरा वर्षं मी इमानदारीने खाली उतरलो, पट्टी बघितली, वहीत लिहिलं. बाराव्या वर्षी भिंतीचा मोठा भाग कोसळला. खाली जायचा रस्ता तुटला आणि मोजपट्टी लाल रेघेसकट ढिगाऱ्याखाली गाडली गेली. मी एकदा दोर बांधून उतरायचा प्रयत्न केला. निम्म्या वाटेत खाली बघितलं, आणि मटकन बसलो. तसाच बसल्या बसल्या, पाठीमागे सरकत, वर आलो. विजारीची जी दशा झाली ती बायकोने एका शब्दाने विचारली नाही. तिचे ते उपकार मी अजून विसरलेलो नाही.

आता रीतसर काय करायला हवं होतं? कंपनीला कळवायचं, की पट्टी गेली, नवी लावा. पण मग असाही प्रश्न आला असता, की तुम्ही खाली का जात नाही. म्हणून मी एक सोपी युक्ती काढली. त्याआधी पाणी दर आठवड्याला साधारण चार सेंटीमीटर चढत होतं. मग मी घरीच, चहा पिता पिता, मागच्या आकड्यात चार मिळवायला लागलो. अक्षर सुंदर काढायचो. खाली सही. एकही आठवडा चुकवला नाही. कंपनीकडून कधी उलटून विचारणा आली नाही, तेव्हा वाटलं, आपलं काम फारच चोख चाललंय.

अशी तीन वर्षं गेली. आणि एके सकाळी माहेरी गेलेल्या बायकोचा फोन आला. "अहो, आईचे केस बघायला या."

सासूबाईंच्या केसांबद्दल सांगायला हवं. कमरेपर्यंत लांब आणि कापसासारखे पांढरे. आयुष्यात त्यांनी कशाचा गर्व केला असेल तर या केसांचा. ते आता टोकांकडून हिरवट दिसत होते. मी जाणकारासारखा वास घेतला, बोटांत धरून चोळले आणि निदान केलं: शाम्पू बदला. नवा शाम्पू मीच आणून दिला. तो संपला तसा दुसरा. केस जास्तच हिरवे झाले.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या कृपेने मी आता शेवाळ झाले. पुढची बाटली आणू नका."

त्या दिवशी हात धुवायला मी त्यांच्या मोरीजवळच्या बेसिनपाशी गेलो. नळाखाली पांढऱ्या बेसिनवर एक ओघळ उमटला होता. निळसर हिरवा. तो रंग मी पंधरा वर्षं रोज कुंपणावरून बघत होतो. मला सगळं समजलं.

आणि समजल्यावर मी काय केलं? जेवलो. पोटभर जेवलो, घरी आलो आणि आठ दिवस तोंड मिटून बसलो.

सासूबाई मात्र बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी एका बाटलीत विहिरीचं पाणी भरलं, कागदात केसांची एक बट गुंडाळली आणि सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या बाईंपुढे नेऊन ठेवली. बाईंनी गंमत म्हणून हसण्यावारी नेलं नाही. पाणी तपासलं, मग स्वतः येऊन आसपासच्या सहा विहिरींचं तपासलं. चार विहिरींत तांबं मर्यादेच्या कितीतरी वर निघालं. बाईंनी शाळेच्या सभागृहात बैठक बोलावली. कंपनीतर्फे एक वकील आले. त्यांच्या काखेत माझ्याकडून मागवून घेतलेली नोंदवही होती.

वकिलांनी वही उघडून सगळ्यांना दाखवली. "पाणी लाल रेघेच्या नऊ मीटर खाली आहे. म्हणजे खाणीतून बाहेर थेंबही जाऊ शकत नाही. दर आठवड्याची नोंद आहे, एकही सही चुकलेली नाही. इतका काटेकोर माणूस हल्ली मिळत नाही."

आयुष्यात चारचौघांत माझं कौतुक झालं ते एवढंच. मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो.

"मग माझ्या केसांचं काय?" सासूबाईंनी बसूनच विचारलं.

"तुमच्या घरात तांब्याचे नळ असतील, आजी. नाहीतर केसांना तुम्ही काहीतरी लावत असाल."

सासूबाई उठल्या. "घरात प्लास्टिकचा पाइप आहे. यांनी बसवलाय, म्हणून गळतो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि केसांना जे लावते तेही यांनीच आणून दिलंय." सभागृह हसलं. मग त्यांनी अंबाडा सोडला. कमरेपर्यंत हिरवे केस मोकळे झाले आणि हसणं एकदम थांबलं.

वकील जरा चपापले, पण अनुभवी होते. "केस म्हणजे काही मोजमाप नव्हे. मोजमाप वहीत आहे. निदान स्वतःच्या जावयावर तरी विश्वास ठेवा."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "जावईबापू, पाणी तुम्ही मोजलंत?"

पहिल्या रांगेत पाववाला बसला होता. त्याची नात वर्षभर उलट्यांनी बेजार होती, आणि तिला बघायला मी दोनदा फळं घेऊन गेलो होतो. माणसाने फळं नेली की आपण भले, असं मला वाटायचं. मी त्याच्याकडे बघितलं आणि उभा राहिलो.

"नाही," मी म्हणालो.

"कधीपासून नाही?" हा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाईंचा.

"तीन वर्षं. पट्टी ढिगाऱ्यात गेली. मी घरी बसून दर आठवड्याला चार सेंटीमीटर मिळवत होतो."

"पण का?" वकीलच ओरडले. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पडला होता.

"खाली उतरायची भीती वाटली. आणि ते सांगायची लाज वाटली."

पुढच्याच आठवड्यात बाईंनी माणसं नेऊन पातळी मोजली. पाणी लाल रेघेच्या दोन मीटर वर होतं. टेकडीपलीकडच्या जुन्या बोगद्यांचं पाणी त्या पडझडीनंतर खाणीत यायला लागलं होतं, आणि ते माझ्या चार सेंटीमीटरमध्ये बसणारं नव्हतं. विहिरींवर झाकणं बसली, टँकर सुरू झाले, मग नळ आले. पाववाल्याची नात दोन महिन्यांत सुधारली. त्याने मला कधी एक शब्द सुनावला नाही, आणि त्यामुळे त्याच्या दुकानासमोरून जाताना माझी मान आजही वर होत नाही. ओढ्यातले मासे मात्र गेले ते गेलेच. कंपनीने मला काढून टाकलं. गावाने माझं "पंपवाला" हे नाव काढून घेतलं आणि नवं दिलं: "चार सेंटीमीटर". बायको आठवडाभर "मीठ द्या" यापलीकडे बोलली नाही. सासूबाई उलट पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागल्या, आणि सगळं याच विषयावर.

नळाच्या पाण्याने त्यांचे नवे केस पांढरे यायला लागले. हिरवा भाग कापायचा का, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "थांबा. कोर्टात लागतील." आणि गावाने कंपनीवर दावा लावला तेव्हा खरंच लागले. दोन सुनावण्यांना त्या अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या हिरव्या केसांनी गेल्या. तिसरीच्या आधी कंपनीने शुद्धीकरण केंद्र बांधून द्यायचं कबूल केलं. मग एका दुपारी त्यांनी स्वतः कात्री मागून घेतली.

केंद्र उभं राहिलं. खाणीचं पाणी पंपाने ओढायचं, त्यात पाण्यात कालवलेला चुना मिसळायचा. आम्ल मरतं, तांबं हिरव्या गाळाच्या रूपाने तळाशी बसतं, आणि वरचं स्वच्छ पाणी ओढ्यात सोडायचं. प्रयोगशाळेच्या बाई तिथल्या प्रमुख झाल्या. त्यांनी मला बोलावलं.

"मला? माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून?" मी विचारलं.

"आकडे यंत्र लिहील, तुम्ही वहीला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "मला पंपाचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखणारा माणूस पाहिजे. आणि काही बिघडलं तर लपवायचं नाही, हे तुम्हाला आता शिकवावं लागणार नाही."

गेली सहा वर्षं मी तिथे आहे. चुन्याने हात भेगाळलेत. पहिल्याच महिन्यात मी एक व्हॉल्व्ह उलटा बसवला आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झालो. धावत जाऊन बाईंना स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसतंय."

मागच्या महिन्यात सासूबाईंना केंद्र दाखवायला नेलं. वय पंच्याऐंशी, पण शिडी चढून टाकीत डोकावल्या. मग कुंपणाशी उभ्या राहून पहिल्यांदाच खाणीचं पाणी डोळे भरून बघितलं.

"सुंदर आहे हो," त्या म्हणाल्या.

"आहे. पण त्यात काही जगत नाही."

"आणि हे तुमचं उपसणं अजून किती दिवस?"

"दगडात गंधक आहे तोवर. म्हणजे कायमचंच म्हणा. माझ्यानंतर दुसरा कुणी, त्याच्यानंतर तिसरा."

त्यांनी माझ्या शर्टावरचा चुना हाताने झटकला, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. "मग वेळेवर जेवत जा," त्या म्हणाल्या, आणि शिडीपाशी ठेवलेली काठी मला आणायला सांगितली.