आपोआप चालणाऱ्या यंत्रामागचे भिवाजीमामा

भिवाजीमामांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते हिरवळीवर पालथे पडलेले होते. एक गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला आणि दुसरा सताड उघडा. मी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो, हातात नेमणुकीचा कागद होता. मला वाटलं, म्हातारा चक्कर येऊन पडला. व्हरांड्यातल्या माठातलं तांब्याभर पाणी घेऊन धावलो आणि त्यांच्या तोंडावर मारलं. ते सावकाश उठून बसले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "मेलो न्हाई बाबू. गवत बगायलोय. उभ्या मानसाला समदं सारखंच दिसतंय. उंच-सखल बगायचं आसंल तर आडवं व्हावं लागतंय."

आमचं कार्यालय देवगाव फाट्यापासून थोडं आत, उघड्या माळावर होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यातले काही जण अजून पेन्शन खातात. कार्यालयाला लागून विश्रामगृह, आणि विश्रामगृहापुढं अर्ध्या एकराची हिरवळ. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर उन्हाळ्यात बाया घागरी घेऊन कोसभर फिरत, पण ही हिरवळ बारा महिने हिरवी असे. तिच्यावर गुरं सोडायला बंदी होती. कापलेल्या गवताचे भारे मात्र हुद्द्याप्रमाणे वाटले जात. पहिला भारा मोठ्या साहेबांच्या गाईला, दुसरा हेडक्लार्कच्या म्हशीला आणि उरलंसुरलं शिपायाच्या शेळीला. मामा म्हणायचे, "गाईला बी हुद्दा लागतोय बाबू. दूध मातर बिनहुद्द्याचंच देती. पातळ."

मामा तेव्हा पंचावन्नच्या आसपास असतील. गाव चुडाव्याकडचं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ उसळली, त्या वर्षी त्यांच्या वस्तीतली घरं पेटवली गेली. त्यात त्यांचंही घर होतं. या गोष्टीबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. "छप्पर जळालं. भांडी जळाली न्हाईत, ती नेली." एवढंच. गयाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला घेऊन ते फाट्यावर आले आणि आमच्या कार्यालयात रोजंदारीवर माळी झाले. त्याला अकरा वर्षं झाली होती. दर काही महिन्यांनी हजेरीपटावर त्यांना चार-आठ दिवस गैरहजर दाखवत, म्हणजे नोकरी सलग भरू नये. त्या दिवसांतही ते विळा घेऊन हजर असतच. "कागदावर मी लय येळा मेलो," ते म्हणायचे, "पन गवताला कुनी सांगितलं न्हाई. ते वाढतच ऱ्हातंय."

मोठे साहेब सकाळी व्हरांड्यात बसून वर्तमानपत्र वाचत आणि वाचलेल्या प्रत्येक बातमीवर मत देत. नामांतराची बातमी आली की त्यांचं मत ठरलेलं असे. "अहो, नुसतं नाव बदलून काय होतं? नावात काय आहे?" समोर हेडक्लार्क मान हलवत. मामा चार हातांवर कुंड्यांना पाणी घालत असत. ते मान हलवत नसत आणि वरही बघत नसत.

एकदा साहेब पुण्याच्या प्रशिक्षणाहून एक रंगीत पत्रक घेऊन आले. त्यावर कुठल्याशा परदेशातली हिरवळ होती. एक बाई खुर्चीत बसून चहा पीत होती आणि पलीकडं एक लाल यंत्र एकटंच गवत कापत चाललं होतं. यंत्रामागं माणूस खरंच नव्हता की फोटोच्या चौकटीबाहेर राहिला होता, हे कोणी विचारलं नाही. साहेबांनी पत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवलं आणि आठवडाभरात औरंगाबादहून एका विक्रेत्याला बोलावून घेतलं. मार्च जवळ आला होता.

विक्रेता मे महिन्यासारख्या उन्हात टाय बांधून आला. साहेबांनी एकदम किंमत विचारली. तो म्हणाला, "साहेब, अशी एक किंमत नसते. जागा केवढी आहे, चढ किती, दगड आहेत का, गवत राठ की नरम, त्यावर पातं आणि इंजिन ठरतं. आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस किती लांबून यायचा, तेही बघावं लागतं."

साहेबांनी मामांना हाक मारली.

"चढ किती आहे?" विक्रेत्यानं विचारलं.

"पान्यानं भरलेली वाटी ठिवा. ढळली तर सांगा."

"दगड?"

"अकरा वर्सांत समदे येचले. येक जरी घावला तर त्योच माज्या टाळक्यात घाला."

"गवत कोणतं?"

"हरळी हाय. नरम. आठ दिसाला कापतो, ल्हान लेकराचे केस कापावं तशी."

विक्रेता बिचारा नवा असावा, किंवा खरं बोलायची त्याला सवय असावी. त्यानं इंजिनाच्या यंत्राचं पत्रक पिशवीत परत घातलं. "साहेब, इंजिनवालं सहा हजाराला आहे, पण तुम्हाला ते लागतच नाही. हातानं ढकलायचं, फिरत्या पात्याचं यंत्र घ्या. बाराशे रुपये. या मामांनी जमीन अशी राखलीय की तुमचं स्वस्तात भागेल."

एखाद्याच्या घरी मयत झाल्याचं सांगावं तसा साहेबांचा चेहरा झाला. मार्चअखेर मोठी रक्कम खर्च करायची राहिली होती. ती परत गेली तर पुढच्या वर्षी तेवढी मिळाली नसती. शिवाय बाराशे रुपयांच्या वस्तूचं उद्घाटन कोण करतं? साहेबांनी मामांना कुंड्यांकडं पाठवलं आणि मला टिपणी लिहायला बसवलं.

साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. वाटीतलं पाणी ढळू न देणारी जमीन कागदावर "अनियमित चढ-उतारांची" झाली. एकेक दगड वेचलेली माती "खडकाळ" झाली. क्षेत्रफळात जीपचा रस्ता, पंपघराचं छप्पर आणि साहेबांच्या बंगल्यामागचं परसू धरलं, तेव्हा अर्ध्या एकराचे अडीच एकर भरले. तरीही वरून फाइल परत आली. शेरा होता, गवत कापण्याच्या यंत्रास एवढी किंमत कशी?

"नाव बदला," साहेब म्हणाले.

मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि त्या शिक्षणाचा उपयोग होण्याची वेळ नोकरीत पहिल्यांदाच आली होती. मी दुपारभर डोकं चालवलं आणि लिहिलं, "स्वयंचलित हरितपृष्ठ समतलीकरण संयंत्र." साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेच सहा हजारांचं यंत्र या नावानं अठरा हजारांना मंजूर झालं, आणि तेही आठ दिवसांत.

हा किस्सा मी मामांना हसत हसत सांगितला. ते हसले नाहीत. मेंदीचं कुंपण छाटता छाटता म्हणाले, "साहेब म्हनत हुते ना, नावात काय हाय? लोखंड त्येच, चाकं तीच. नाव बदललं आन् किंमत तिप्पट." कात्री थोडा वेळ चालली. मग ते म्हणाले, "नावानं काय हुतंय ते ह्यांला बराबर ठाव हाय बाबू. म्हनूनच तर देईनात."

यंत्र आलं. मांडव घातला, नारळ फुटला, यंत्राला हार घातला. यंत्राची चाकं इंजिनावर आपोआप फिरत हे खरं, पण मागून दांडा धरायला माणूस लागे. मामांनी दांडा धरला आणि दहा पावलांत त्याचं मर्म ओळखलं. तेवढ्यात फोटोवाला आला. साहेबांना पत्रकावरच्यासारखा फोटो हवा होता. ते ओरडले, "मामा, बाजूला व्हा!" मामा हुकमाचे बंदे, दांडा सोडून बाजूला झाले. यंत्र सरळ निघालं ते कर्दळीचा वाफा आडवा करून मांडवात शिरलं आणि साहेबांच्या खुर्चीवर लोंबणारा टॉवेल ओढून घेऊन थांबलं. टॉवेलच्या चिंध्या काढायला मामाच खाली बसले.

इथवर सगळी गंमतच होती. पण पुढच्या महिन्यात लेखा शाखेचं पत्र आलं. संयंत्र स्वयंचलित असताना रोजंदारी माळ्याची आवश्यकता काय? खुलासा करावा. खुलासा काय करणार? यंत्राला माणूस लागतो म्हणावं, तर अठरा हजारांचं काय सांगायचं? साहेबांनी दोन ओळींचा हुकूम काढला आणि एक तारखेपासून मामांचं नाव हजेरीपटावरून गेलं. त्यांना सांगायचं काम माझ्याकडं आलं.

"कोन म्हनलं, मशीन आपोआप चालतंय म्हून?" त्यांनी विचारलं.

"कागदावर तसं आहे."

"लिवलं कुनी?"

मी म्हणालो, "मी."

मामांनी विळा पुसला, गुंडाळला, शेडची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि फाटकातून बाहेर पडले. त्यांनी एक शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर शिपायानं दोनदा यंत्र ओढून पाहिलं. तिसऱ्यांदा ते सुरूच झालं नाही. दुरुस्तीचा माणूस औरंगाबादहून यायचा, तो आलाच नाही. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं झालं, त्यात साप निघाला आणि साहेबांच्या गाईलासुद्धा ते गवत राठ लागू लागलं. अशात मुंबईहून तार आली. एक बडे अधिकारी चार दिवसांनी येणार होते आणि त्यांना संयंत्र बघायचं होतं.

साहेबांनी मला जीप देऊन मामांना आणायला पाठवलं. ते रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. शेजारी गयाबाई पाटी भरत होत्या. त्यांनी मला बघून पदर ओढला आणि तोंड फिरवलं. मामांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "येतो की. पन लिवून द्या. मशीन आपोआप चालत न्हाई, तिला भिवाजी लागतोय. खाली साहेबाची सही."

साहेब खवळले. "असं लिहून दिलं तर उद्या माझीच चौकशी लागेल!" पण गवत काही चौकशीला भीत नव्हतं. शेवटी मी टेबलाशी बसलो आणि या खेपेला कोणी सांगायची वाट न बघता लिहिलं, "सदर संयंत्र पूर्णतः स्वयंचलित असून समाधानकारक आहे, तथापि ते स्वयंचलितपणे चालण्यासाठी गेली अकरा वर्षे या कार्यालयात सलग काम करीत असलेले माळी श्री. भिवाजी यांची दररोज व कायमस्वरूपी आवश्यकता आहे." साहेबांनी "समाधानकारक आहे" इथपर्यंत वाचलं आणि सही ठोकली.

मामांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "सलग" या शब्दावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो काय?" मी अर्थ सांगितला. त्यांनी कागदाची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि विळा हातात घेतला. दोन दिवसांत अर्धा एकर गालिच्यासारखा झाला. मधोमध ते बंद पडलेलं यंत्र हार घालून उभं केलं. बडे अधिकारी गवतावरून चालले, खूश झाले आणि शेजारी उभ्या असलेल्या मामांना विचारलं, "एवढी हिरवळ किती वेळात कापून होते?"

मामा म्हणाले, "मन लावलं तर दोन दिसांत, साहेब."

"फारच कार्यक्षम," असं म्हणून ते जेवायला गेले.

काम झाल्यावर महिन्याभरात मामांना पुन्हा काढलं. पण आता त्यांच्याजवळ कागद होता. तो घेऊन ते कामगार न्यायालयात गेले. तारखांवर तारखा पडल्या. ते खडी फोडायचे आणि तारखेला धुतलेलं धोतर नेसून हजर व्हायचे. मलाही साक्षीला बोलावलं. अक्षर कुणाचं, असं सरकारी वकिलानं विचारलं. माझं, मी म्हणालो. मजकूर खरा आहे का? "'तथापि'पासून पुढं खरा आहे," मी म्हणालो. त्याच महिन्यात माझी प्रशासकीय कारणास्तव सोनपेठला बदली झाली.

निकाल लागायला चार वर्षं गेली. एका बाजाराच्या दिवशी मामा सोनपेठला माझ्या कार्यालयाच्या दारात उभे राहिले. गयाबाईंनी दिलेली जवसाची चटणी एका हातात आणि हुकूम दुसऱ्या हातात. अकरा वर्षं सलग धरून त्यांना कायम केलं होतं. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. मी तो हुकूम त्यांना वाचून दाखवला. इतकी वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते बोललो, "मामा, तुमची नोकरी माझ्यामुळं गेली हो."

"व्हय, गेली," ते म्हणाले. 'तसं काही नाही' असं खोटं बोलून त्यांनी मला सोडवलं नाही.

त्यांना बसवायला मी एसटी स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. चहा झाला. परभणीची गाडी लागली तसे ते चढले, खिडकीची जागा धरली आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझा उजवा हात धरला. विळ्यानं आणि खडीनं राठ झालेल्या त्यांच्या तळव्यात माझा हात मला अगदीच मऊ वाटला.

"तुमी येक शबुद लिवला, माजी भाकर गेली," ते म्हणाले. "तुमीच येक लिवला, ती माघारी आली. मला चार वर्सं लागली, तुमाला दोन मिंटं. ह्यो हात जपा बाबू. लय लोकांची भाकर हाय ह्यात."